कम्युनिटी कॉलेजातून एका वर्षात ट्रान्सफर (कॅलिफोर्निया)

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणारे स्थानिक कॉलेज) पहिली दोन वर्षे करून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला दाखल होणे ही रुळलेली पद्धत आहे. काही विद्यार्थी एकाच वर्षानंतर विद्यापीठ गाठतात. याचे नियम राज्यागणिक बदलतात. ही नोंद मुख्यतः कॅलिफोर्नियाविषयी आहे. तिथे अशी ११६ सरकारी कॉलेजे आहेत.

इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली निघालेले कॉलेज आज चालू असलेल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत सर्वांत जुने. कॅलिफोर्नियात सुरुवात झाली ती १९१० मध्ये, फ्रेस्नोला. पुढे १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने कामाची वाटणी केली. कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली राहिली आणि तिथून येणाऱ्यांसाठी विद्यापीठांनी वरच्या दोन वर्षांत जागा ठेवायचे ठरले. एका वर्षात निघणाऱ्याची अडचण इथेच आहे, कारण प्रवेशाचे दार तिसऱ्या वर्षाला आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) ट्रान्सफरसाठी ६० सेमिस्टर युनिट (अभ्यासक्रम मोजायचे माप, म्हणजेच क्रेडिट) मागते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या बहुतेक शाखाही त्याआधी घेत नाहीत. पूर्णवेळ शिकणाऱ्याची वर्षाला साधारण ३० युनिट होतात.

उरलेली ३० युनिट बहुधा आधीच कमावलेली असतात. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजात केलेले विषय आणि ए.पी. परीक्षांचे (हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा) क्रेडिट हे त्यांचे दोन मोठे स्रोत; उन्हाळी वर्गांनी थोडी भर पडते. त्यामुळे एका वर्षाची ट्रान्सफर म्हणजे खरे तर शाळेपासून केलेली तयारी.

वेळापत्रकही आड येते. यूसीच्या अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास संपते. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू केलेल्या विद्यार्थ्याच्या हाती तोवर एकाही सेमिस्टरचा निकाल नसतो; ते गुण त्याला जानेवारीत कळवावे लागतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा शाखा ‘टॅग’ या योजनेत प्रवेशाची हमी देतात. पण ती मागायची सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हाच ३० युनिट पूर्ण असावी लागतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत.

अभियांत्रिकीला ही घाई क्वचितच जमते. कॅल्क्युलसचे भाग एकामागून एकच घेता येतात आणि त्यांच्याशी भौतिकशास्त्राचे विषय बांधलेले असतात. कितीही युनिट जमवली तरी ही साखळी दोन सेमिस्टरांत बसत नाही. इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांत पूर्वअटी कमी असल्याने वाट सोपी होते.

खासगी विद्यापीठांचे दार याहून सैल. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया एका वर्षानंतरचे अर्ज घेते. मात्र कॉलेजचे गुण थोडे असल्यामुळे अशा ठिकाणी हायस्कूलचे गुणपत्रकही तपासले जाते. म्हणजे शाळेत मागे पडलेल्या आणि कॉलेजात सावरलेल्या मुलाला दुसरे वर्ष कम्युनिटी कॉलेजातच काढणे जास्त हिताचे. खर्चही तेच सांगतो: राज्यातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे ३० युनिटांचे १,३८० डॉलर, यूसीचे वर्षाचे शुल्क याच्या सुमारे दहापट आहे.

क्रेडिट वाया जाण्याचा धोका सर्वांत मोठा. २००४ ते २००९ या काळात ट्रान्सफर झालेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या संस्थेत धरली गेली नाहीत, असा अंदाज अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये मांडला. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय यूसीच्या कोणत्या शाखेत कशाच्या बदल्यात चालतो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर दिसते. विषय निवडण्याआधीच ते पाहायला हवे.

महाराष्ट्रात पदवीचे एखादे वर्ष करून तिथे गेलेल्यांचे क्रेडिटही धरले जाऊ शकते. मात्र ‘असिस्ट’ कॅलिफोर्नियातील सरकारी संस्थांपुरतेच असल्याने त्याचे मूल्यमापन विद्यापीठ स्वतंत्रपणे करते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना कॉलेजकडून आपली सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंद नव्या संस्थेकडे पाठवून घ्यावी लागते. त्यानंतरच तिथला आय-२० (व्हिसासाठी संस्था देते ते प्रमाणपत्र) पूर्ण होतो, आणि नवे वर्ग पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावे लागतात.