न बोलणाऱ्या मुलाचं हाडा-सांध्यांचं दुखणं: स्प्लिंट घरी नेण्याआधी हे वाचून घ्या

आमच्याकडे पायाचे एएफओ (घोटा आणि पाऊल नीट धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे स्प्लिंट, म्हणजे आधार), हाताचे स्प्लिंट, गेटर (गुडघा किंवा कोपर सरळ ठेवणारे पट्टे) आणि बसायच्या खुर्च्या बनतात, आणि आमचे बरेचसे छोटे कस्टमर बोलत नाहीत. कुणाला सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर ताबा न राहणं) असतो, कुणाला आणखी काही, मान नीट धरत नाही, बोट दाखवून सांगता येत नाही. मग दुखतंय हे सांगणार कोण, तर बहुतेक वेळा आईच सांगते, आणि तिलाच उलट ऐकवलं जातं की अहो, अशी मुलं किरकिर करतातच. आम्हाला हे अजिबात पटत नाही. किरकिरीला काहीतरी कारण असतं आणि ते शोधायला लागतं.

पहिलं म्हणजे रडणं हे एकच लक्षण धरून बसू नका. काही मुलं दुखलं की एकदम गप्प होतात, अंग आखडून घेतात, दात करकरतात, घाम फुटतो, घास तोंडात धरून बसतात, एखादं तर चक्क हसतं. त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना करून काही उपयोग नाही, आपलं पोरगं एरवी कसं असतं आणि आज काय वेगळं आहे तेवढंच बघायचं. हॉस्पिटलमध्ये यासाठी रिवाइज्ड फ्लॅक नावाची मोजपट्टी वापरतात: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ मार्क, एकूण १० पैकी. त्यात आईबाबांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणासुद्धा लिहिता येतात, म्हणजे "हिला दुखलं की ही डावा कान ओढते" हेही तिथे धरलं जातं. तेव्हा अशा दोन-चार खुणा वहीत लिहून ठेवा, कधी होतं, कुठल्या पोझिशनमध्ये होतं तेही लिहा, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण ओपीडीत नंबर लागतो तेव्हा पोर नेमकं शांत झोपलेलं असतं.

आता खुब्याचं जरा सविस्तर सांगतो. डायपर बदलताना मांड्या बाजूला केल्या की ओरडतं, एका कुशीवर झोपायलाच तयार नाही, खुर्चीत बसवलं की दहा मिनिटांत तिरकं होतं, असं असेल तर आधी खुब्याकडे बघायला सांगा. सीपी असलेल्या मुलांमध्ये साधारण तीनातल्या एकाचा खुबा जागेवरून सरकायला लागतो, आणि जी मुलं चालतच नाहीत त्यांच्यात तर खूपच जास्त. सुरुवातीला ते दुखतही नाही, म्हणून दुखायची वाट न बघता ऑर्थोपेडिक डॉक्टर सांगतील तितक्या महिन्यांनी एक्स-रे काढायचाच. आम्ही खुर्चीत दोन गुडघ्यांच्या मध्ये ब्लॉक बसवून देतो, त्याने पाय एकमेकांवर चढत नाहीत, बसणं सुधारतं, पण सरकलेला खुबा त्याने जागेवर जात नाही. कुणी खुर्ची विकताना तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, अगदी आम्ही सांगितलं तरी.

न चालणाऱ्या मुलांची हाडं नाजूक असतात आणि फिट्सच्या काही औषधांनी आणखी नाजूक होतात. पँट चढवताना पाय जरा पिरगळला तरी फ्रॅक्चर होऊ शकतं. मांडी सुजलीय, हाताला गरम लागतेय, कालपर्यंत हलवू देत होतं आणि आज हातच लावू देत नाही, तर थेरपी, स्प्लिंट सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. परळचं वाडिया हॉस्पिटल तर खास मुलांचंच आहे. आणि मालिशवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा: हलक्या हाताने तेल लावा, पण "पाय मोकळे करते" म्हणून ओढाताण नको. शेकायची पिशवीसुद्धा जपून, चटका बसला तरी हे पोर सांगणार नाहीये.

आता आमच्या मालाबद्दल. नवीन एएफओ पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच, मग हळूहळू वाढवत न्या. काढल्यावर पायावर लाली दिसेल, ती वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली किंवा फोड दिसला तर परत घालू नका, आमच्याकडे घेऊन या. "घाला, सवय होईल" हे आम्ही कुणाला सांगत नाही. जिथे टोचतंय तिथलं प्लॅस्टिक गरम करून तेवढाच भाग बाहेर फुगवता येतो, थोड्या वेळाचं काम आहे, त्याचे पैसे घेत नाही. घालताना गुडघा वाकवून घ्या म्हणजे पाय सैल पडतो, टाच मागे आणि खाली पूर्ण बसवा, मग आधी घोट्यावरचा पट्टा आवळा आणि नंतर बाकीचे. टाच वर राहिली की निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं, भले स्प्लिंट कितीही चांगला असो. सॉक्स कॉटनचे, आतून शिवण नसलेले, किंवा सरळ उलटे करून घाला. पावसाळ्यात आपल्या मुंबईत सॉक्स दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे माहितीये, म्हणून जास्तीच्या जोड्या ठेवा, दमट सॉक्सवर स्प्लिंट चढवलात तर कातडी गेलीच समजा.

पाय कडक झाले म्हणजे पायातच दुखतंय असंही नसतं. पोट साफ नाही, दात किडलाय, कान दुखतोय, अॅसिडिटी वर येतेय, कशानेही टाइटनेस वाढतो, आणि टाइटनेस वाढला की सांधे आणखी दुखतात. शी कधी झाली होती हे आम्ही विचारतो, तेव्हा काही पालक हसतात, पण खरंच विचारायला लागतं.

औषधाचं डॉक्टरच ठरवतील, तरी एवढं लक्षात असू द्या. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं, कारण आपली मुलं वयाच्या मानाने बारीक असतात. साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम एका वेळी, मध्ये चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, ५ मिलीमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम, तेव्हा बाटली बदलली की लेबल वाचा. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, घरात जुनं पडलेलं असेल तर टाकून द्या. आणि टाइटनेससाठी बॅक्लोफेन चालू असेल तर संपलं म्हणून एकदम बंद करू नका, त्याने फिट्स येऊ शकतात, बाटली संपायच्या आधीच नवीन आणून ठेवा.

दुखतंय असं वाटलं तर अपॉइंटमेंटशिवाय या, ट्रायलच्या मध्ये घेऊ. पोराला खाऊ घालून आणा, आणि जुना स्प्लिंट लहान झाला असला तरी सोबत आणा, त्याच्या आतला फोम कुठे दबलाय ते बघून जोर नेमका कुठे पडतोय ते आम्हाला कळतं.