76 आसनांची मर्यादा: अमेरिकेतील वैमानिकांच्या नोकऱ्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील शिकागोला उतरून पुढच्या लहान शहराचे विमान पकडतात, तेव्हा विमानावर नाव युनायटेडचे असते आणि तिकीटही युनायटेडचेच. तिकिटावर बारीक अक्षरांत मात्र ‘संचालन: स्कायवेस्ट’ असे छापलेले असते. म्हणजे विमान चालवणाऱ्याचा पगार युनायटेड देत नाही. ही व्यवस्था गेल्या चार दशकांत करार करून, संप करून आणि दिवाळखोरीच्या कोर्टात भांडून उभी राहिली आहे.

1978 मध्ये अमेरिकेने विमानसेवेवरचे सरकारी नियंत्रण उठवले. मोठ्या कंपन्यांनी आपली वाहतूक मोजक्या विमानतळांवर एकवटली आणि आसपासच्या गावांतून प्रवासी गोळा करून आणण्याचे काम छोट्या कंपन्यांना दिले. त्यांची विमाने पंख्याची, पंधरा-वीस ते तीस-चाळीस आसनांची. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना त्यात रस नव्हता. तरी त्यांच्या संघटनांनी करारात ‘स्कोप क्लॉज’ घातलेच: किती मोठे विमान बाहेरच्या वैमानिकाला देता येईल, याची मर्यादा घालणारे कलम.

खरी ठिणगी पडली ती 1990 च्या दशकात, बम्बार्डियर आणि एम्ब्राएर या विमान बनवणाऱ्या कंपन्यांची 50 आसनी जेट आल्यावर. आता छोटी कंपनीही लांबच्या मार्गावर जेट नेऊ शकत होती. फेब्रुवारी 1997 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले, तेव्हा पगाराइतकाच ही जेट कोण उडवणार हा वाद होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच हस्तक्षेप करून संप थांबवला.

मोठ्या आणि छोट्या कंपन्यांमधल्या करारांतली मेख अशी: वेळापत्रक मोठी कंपनी ठरवते, तिकिटे तीच विकते, इंधनाचा खर्चही बहुधा तिच्याकडेच. छोट्या कंपनीला ठरलेला मोबदला. मग तिला काटकसर करायला उरते काय? मुख्यतः माणसांचा पगार. करार संपला की तेच काम स्वस्तात करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला जाते. वैमानिक तिकडे गेला, तर दहा वर्षे कॅप्टन असला तरी सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाला आणि पगार पहिल्या वर्षाचा. 2001 मध्ये कॉमएअर या छोट्या कंपनीच्या वैमानिकांनी मोठ्या कंपन्यांच्या पगाराशी असलेल्या तफावतीविरुद्ध 89 दिवस संप केला. 2012 मध्ये त्यांची कंपनीच बंद झाली.

11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर यूएस एअरवेज, युनायटेड, डेल्टा, नॉर्थवेस्ट एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या आणि कोर्टाच्या दडपणाखाली मर्यादा 50 वरून 70, मग 76 आसनांवर सरकली. यूएस एअरवेजमध्ये तर ‘नोकऱ्यांच्या बदल्यात जेट’ असा सौदा झाला: मोठ्या कंपनीतून कमी केलेल्या वैमानिकांना छोट्या कंपन्यांच्या नव्या जेटवरील निम्म्या जागा, अर्थात कमी पगारावर. दोष एकट्या व्यवस्थापनाचा म्हणता येत नाही. आपला पगार आणि पेन्शन वाचावे म्हणून ज्येष्ठांनी कनिष्ठांचे काम बाहेर जाऊ दिले. यूएस एअरवेज आणि युनायटेडच्या वैमानिकांचे पेन्शन तरीही वाचले नाही.

12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ कोलगन एअर या छोट्या कंपनीचे विमान कोसळले आणि 50 जण मरण पावले. विमानावर नाव कॉन्टिनेन्टलचे होते. चौकशीत कळले की सहवैमानिकेचा वार्षिक पगार सुमारे 16 हजार डॉलर होता. नेवार्कजवळ घर घेणे परवडत नसल्याने ती सिएटलला आईवडिलांकडे राहायची आणि आदल्या रात्री देश ओलांडून कामावर आली होती. या अपघातानंतरच्या कायद्याने 2013 पासून सहवैमानिकालाही साधारण 1,500 तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली.

कराराचा एक आकडा कारखान्यापर्यंत पोहोचला, ही यातली विलक्षण गोष्ट. 76 आसनांबरोबर 86 हजार पौंड वजनाचीही मर्यादा आहे. एम्ब्राएरचे नवे ई175-ई2 इंधन कमी खाते, पण नव्या इंजिनांमुळे जड झाले, म्हणून या मर्यादेत ते बसतच नाही. 70 ते 76 आसनी विमाने किती ठेवायची यावरही मर्यादा असल्याने युनायटेडने 2019 मध्ये 70 आसनी सीआरजे-700 मधल्या खुर्च्या काढून 50 ठेवल्या आणि रिकाम्या जागेत सामानाची कपाटे बसवली. विमान तेच, कलमाच्या भाषेत मात्र लहान.

कोविडमध्ये मोठ्या कंपन्यांनी ज्येष्ठांना लवकर निवृत्त केले आणि 2022 मध्ये छोट्यांकडचे वैमानिक ओढून घेतले. मग अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पिडमॉन्ट आणि पीएसए या छोट्या कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला 90 डॉलर देऊ केले. स्कायवेस्टने त्याच वर्षी 29 लहान शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. शिवाय 50 आसनी विमानात फक्त 30 खुर्च्या ठेवून, 1,500 तासांची अट लागू नसलेल्या चार्टर नियमांखाली ती उडवण्याची परवानगी मागितली. वैमानिकांच्या संघटनेने त्याला लगेच विरोध केला.