वेस्टन ग्रंथालय, ऑक्सफर्ड

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयातील हस्तलिखिते, दुर्मीळ ग्रंथ आणि दप्तरे जिथे अभ्यासायला मिळतात ती वास्तू. बॉडलियनची स्थापना टॉमस बॉडली यांनी १६०२ मध्ये केली. वेस्टनची इमारत मात्र १९३७ ते १९४० या काळातली. तिचे वास्तुकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे नातू. गारफील्ड वेस्टन प्रतिष्ठानाने अडीच कोटी पौंड दिल्यावर इमारतीचा आतून कायापालट झाला आणि मार्च २०१५ मध्ये ती नव्या नावाने सर्वांसाठी खुली झाली.

तळमजल्यावरच्या ब्लॅकवेल हॉलमध्ये आणि प्रदर्शनांना कोणीही मोफत जाऊ शकते. वाचनकक्षासाठी वाचकपत्र लागते. ते घेताना विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला एक जुनी प्रतिज्ञा मोठ्याने वाचावी लागते : ग्रंथालयातली वस्तू बाहेर नेणार नाही, तिच्यावर खुणा करणार नाही, आत आग किंवा ज्योत आणणार नाही, पेटवणार नाही. आगीची ही धास्ती मोठी होती. जुन्या बॉडलियनमध्ये १८४५ पर्यंत ऊब देणारी कसलीच सोय नव्हती आणि कृत्रिम दिवे आले ते १९२९ मध्ये. पुस्तक घरी न देण्याचा नियमही तितकाच कडक. १६४५ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने एक ग्रंथ मागवला, तेव्हा ग्रंथपालाने नियम दाखवून नकार दिला आणि राजाने तो मानला.

कक्षात शाईचे पेन चालत नाही, पेन्सिल किंवा लॅपटॉप चालतो. पिशव्या आणि कोट लॉकरमध्ये ठेवायचे. जुना ग्रंथ सपाट उघडला तर बांधणी उसवते, म्हणून तो फोमच्या उतरत्या आधारांवर ठेवतात आणि पाने मिटू नयेत म्हणून कापडात शिवलेली लांब, माळेसारखी वजने त्यांवर टाकतात. हातमोजे घालावे लागतील असे अनेकांना वाटते. कागदासाठी ते बहुधा नकोच असतात : मोज्यात बोटांची जाण बोथट होते आणि पान फाटण्याचा धोका वाढतो. स्वच्छ, कोरडे हात पुरतात. छायाचित्रांना हात लावताना मात्र मोजे लागतात.

खरे कष्ट वाचनकक्षात पोहोचण्याआधीचे आहेत. इथे कपाटापाशी जाऊन चाळण्याची सोय नाही. हव्या त्या वस्तूचा शेल्फमार्क, म्हणजे संग्रहातला तिचा क्रमांक, सूचीतून शोधून ती आगाऊ मागवावी लागते. अलीकडच्या संग्रहांची सूची ऑनलाइन आहे, पण संस्कृत पोथ्यांसाठी छापील सूच्या महत्त्वाच्या आहेत. टेओडोर ऑफ्रेख्ट यांची १८६४ मध्ये पूर्ण झालेली सूची लॅटिनमध्ये आहे. पुढचा खंड विंटरनित्झ आणि कीथ यांनी १९०५ मध्ये काढला. नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी १९०९ मध्ये दिलेल्या सहा हजारांहून अधिक पोथ्या या दोन्हींच्या बाहेर राहिल्या. त्यांतल्या ज्योतिषाच्या पोथ्यांची वर्णनात्मक सूची डेव्हिड पिंग्री यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय अभ्यासकाने प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी या सूच्या मुंबई-पुण्यातच पाहून घ्याव्यात. नाहीतर मोलाचे दिवस तिथे शेल्फमार्क शोधण्यात जातात.

मागितलेली प्रत्येक वस्तू हाती मिळेलच असे नाही. १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेले बख्शाली हस्तलिखित १९०२ पासून बॉडलियनमध्ये आहे. त्याची सत्तर भूर्जपत्रे इतकी ठिसूळ आहेत की हाताळणेच धोक्याचे. त्यात संख्येतल्या रिकाम्या स्थानासाठी टिंब वापरले आहे, आणि शून्याच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन चाचणीत वेगवेगळ्या पानांचे काळ शतकांच्या अंतराने वेगळे निघाले. त्यावर गणितेतिहासकारांनी आक्षेप घेतले : लिपी आणि मजकूर सलग आहेत, तेव्हा पोथी एकाच काळातली असावी. हा वाद त्या एका चाचणीच्या आकड्याने मिटला नाही.

स्वतःच्या अभ्यासासाठी फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. ते छापायचे असतील तर ग्रंथालयाची परवानगी घ्यावी लागते आणि सोबत शेल्फमार्क व पत्रांक (पानाचा क्रमांक) द्यावा लागतो.