बाळसं कुठवर म्हणायचं?

इंदूरच्या रामबागेत कुठल्याही मराठी घरी जा, गुटगुटीत नातवाकडे बघून आजी म्हणणारच, ‘बाळसं आहे हो, उंची वाढली की झडेल.’ दोन वर्षांच्या पोराबद्दल ठीक. दहा वर्षांच्या पोराच्या शर्टाची बटणं ताणली जात असतील, तर ते बाळसं नव्हे.

दुसरा समज आणखी चिवट: हृदयाचं दुखणं चाळिशीनंतरचं. अमेरिकेतल्या बोगालुसा इथे १९७०च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात अपघात वगैरेंनी दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. चरबीचे पट्टे बालवयातच होते; वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जास्त, तिथे जास्त.

जिवंतपणी याची चाहूल रक्तात लागते. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, सूज दाखवणारं सीआरपी किंचित चढतं. खरी मेख रिपोर्टात आहे. ट्रायग्लिसराइडपुढे बहुधा मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, १५०च्या आत. १० ते १९ वयात ९०च्या आत हवं, १३०पासून जास्तच. म्हणजे १४० ठळक न होता निसटतं आणि बाबा खुशीत सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खायला नेतात!

मानेवरचा काळपट पट्टा आजी उटण्याने घासत बसते. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती अनेकदा खूण असते.

उपासमार मात्र नको. बऱ्याच मुलांचं वजन आहे तिथेच धरलं आणि उंची वाढत गेली, तरी आकडे सुधारतात. आजीचं उंचीचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं.