दहा नॉटचा शिष्टाचार

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून, समुद्राच्या आतल्या अंगाने एक जलमार्ग जातो. नद्या, खाड्या आणि मधले खोदलेले कालवे जोडून तो तयार झाला आहे. नाव इंट्राकोस्टल वॉटरवे. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला त्याचा शून्य मैल, आणि तिथून मायामीपर्यंत जवळपास १,१०० मैल. थंडीची चाहूल लागली की उत्तरेकडचे हौशी बोटवाले याच वाटेने फ्लोरिडाकडे निघतात. वाट अरुंद, शिडाच्या बोटी संथ, मोटरबोटी वेगवान. त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी कुणाला तरी ओलांडत असतं, आणि कुणी ना कुणी कुणाला तरी शिव्या घालत असतं.

गंमत अशी, की शिव्या बऱ्याचदा सभ्य माणूसच खातो. वीस नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने येणारा मोटरबोटवाला पुढे शीडबोट दिसली म्हणून वेग दहा नॉटवर आणतो आणि हात हलवत पुढे निघून जातो. मागे शीडबोटीच्या केबिनमधली भांडी खाली येतात. वेग निम्मा केला, मग लाट वाढली कशी?

पाण्यावरची लाट बोटीच्या वेगानेच बोटीबरोबर चालते, आणि लाटेची लांबी त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहा नॉटला दोन उंचवट्यांमधलं अंतर साधारण ६ मीटर, आठला ११, दहाला १७. आता बारा मीटर लांबीची मोटरबोट घ्या. सहा नॉटला तिच्या अंगाखाली दोन लाटा आरामात मावतात. साडेआठच्या आसपास एकच लाट बोटीएवढी लांब होते. त्यापुढे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उंचवट्यावर आणि मागचा भाग खड्ड्यात, अशी तिची अवस्था होते. बोट स्वतःच उठवलेल्या टेकडीवर चढू पाहते. इंजिनाची बरीचशी ताकद पुढे जाण्यात नाही, तर ती टेकडी उभी करण्यात जाते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्कीला लांबलचक हौद बांधून त्यात बोटींच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या, त्या याच हिशेबासाठी.

इंजिन दणकट असेल तर बोट ही टेकडी ओलांडते आणि पाण्यावर जवळजवळ घसरू लागते. मग ती कमी पाणी बाजूला सारते, म्हणून वीस नॉटची लाट दहा नॉटच्या लाटेपेक्षा लहान असू शकते. आपल्या सभ्य कप्तानाने नेमका सगळ्यात वाईट वेग निवडला होता.

त्यात पाणी उथळ. या जलमार्गाची ठरवलेली खोली बऱ्याच भागात १२ फूट, म्हणजे सुमारे ३.७ मीटर आहे. एवढ्या खोलीत लाटेला साडेअकरा नॉटहून जास्त वेगाने धावताच येत नाही. बोट त्या वेगाजवळ पोचली की लाटेची ऊर्जा बोटीपासून दूर जाऊ शकत नाही, तिथेच साचत राहते. गाळ भरून खोली अडीच मीटरवर आली असेल तर ही मर्यादा साडेनऊ नॉटवरच येते. म्हणजे पुन्हा दहाच्या आसपासच!

‘मग लांबून जा ना,’ असं कुणी म्हणेल. मोकळ्या समुद्रात ते ठीक आहे, पण लांबूनही किती? लॉर्ड केल्विन या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये दाखवलं, की खोल पाण्यात बदक असो वा जहाज, मागच्या लाटांची पाचर सुमारे ३९ अंशांचीच असते. (अतिवेगवान बोटींची पाचर मात्र अरुंद दिसते; राबो आणि मोआझी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये गुगल अर्थवरच्या चित्रांत कोन मोजून ते मांडलं.) या पाचरीच्या कडेवर लाटा एकमेकींवर चढतात आणि तिथे त्यांची उंची फार रेंगाळत कमी होते. अंतर आठपट झालं, तरी उंची कशीबशी निम्मी.

शीडबोटीला ही लाट इतकी का लागते? आठ-दहा नॉटच्या बोटीची लाट दोन ते तीन सेकंदांनी एकेक करून येते. मध्यम शीडबोट स्वतःच्या लयीत डुलायला साधारण तेवढाच, फार तर किंचित जास्त वेळ घेते. झोपाळ्याला ठेक्यात धक्के मिळावेत तसं होतं. बोट वीस अंश कलली तर पंधरा मीटर उंच डोलकाठीचं टोक पाच मीटर बाजूला जातं. भर वाऱ्यात फुगलेलं शीड हे डुलणं दाबून धरतं. वारा पडलेला असेल तर तो आधारही नसतो. शीड फडफडतं, खालची आडवी दांडी इकडून तिकडे फिरते, आणि तिच्या वाटेत कुणाचं डोकं असलं तर प्रसंग वाईट.

खरी अडचण पुढेच आहे. शीडबोट सहा नॉटने चालली असेल, तर तिला ओलांडायला मोटरबोटीला आठ-नऊ नॉट हवेतच. म्हणजे मागच्याने कितीही मनावर घेतलं तरी एकट्याने हे जमत नाही. पुढच्यालाच हळू व्हावं लागतं. समुद्री नियमांनुसार ओलांडणाऱ्याने दूर राहायचं असतं आणि पुढच्याने आपला वेग-दिशा राखायची असते, म्हणून अनेक शीडबोटवाले इंजिन जराही कमी न करता वर लाटेबद्दल कुरकुरतात. माझं मत विचाराल तर त्यातली निम्मी कुरकुर त्यांनी स्वतःकडे वळवावी. इथे बहुतेक जण शिडं गुंडाळून इंजिनावरच चाललेले असतात, वेग उतरवायला एक दांडी मागे ओढणं पुरतं.

जुने प्रवासी मागून रेडिओवर हाक देतात: ‘एका शिट्टीवर येतो.’ एक शिट्टी म्हणजे तुमच्या उजव्या बाजूने, दोन म्हणजे डाव्या. मंजुरी आली की शीडबोट दोन-तीन नॉटवर येते. मोटरबोट पाच नॉटने, नाळेची लाट जेमतेम उठेल अशी, शेजारून सरकते. तिचा मागचा भाग पुढे गेला की शीडबोट सुकाणू वळवून सरळ तिच्या पाठीमागच्या सपाट पट्ट्यात शिरते. उरलीसुरली लाट आडवी न येता नाळेवर येते. मोटरबोटवाला पुरेसा पुढे जाईपर्यंत इंजिन वाढवत नाही. हे सगळं दोन मिनिटांत उरकतं. ओट्यावरचा चहा सांडत नाही. शीडबोटवाला दांडी पुन्हा पुढे ढकलतो, तोवर रेडिओवर मागच्या बोटीची हाक आलेली असते.