ग्रंथालयाची तालिका आणि लेखांचा डेटाबेस: भाषणाच्या तयारीत कोणाला काय विचारावे

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ उघडले की शोधाची एक पांढरी चौकट समोर येते आणि थोडे खाली गेले की तशीच दुसरी. पहिलीवर ‘तालिका’ किंवा ‘ओपॅक’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘ई-संसाधने’ किंवा ‘डेटाबेस’. दोन्हींत शब्द टाकायचा, दोन्हींतून यादी मिळवायची. त्यामुळे भाषणाचा विषय हाती पडलेला विद्यार्थी जी चौकट आधी दिसेल तिच्यात विषयाचे नाव टाकतो आणि काही सापडले नाही, तर ‘या विषयावर आपल्या लायब्ररीत काहीच नाही’ असे ठरवून गूगलकडे वळतो. साहित्य बहुतेक वेळा असते. फक्त त्याची चौकशी चुकीच्या खिडकीवर झालेली असते.

तालिका ही त्या ग्रंथालयाच्या संग्रहाची नोंदवही आहे. एखादे पुस्तक आहे का, असल्यास कोणत्या मांडणीवर आहे, प्रती किती आहेत आणि आत्ता ते कोणी घरी नेले आहे का, एवढ्या प्रश्नांची उत्तरे ती चोख देते. पुस्तकाच्या आत काय आहे हे मात्र तिला फारसे ठाऊक नसते, आणि त्याचे कारण तिच्या जुन्या रूपात आहे. संगणकापूर्वी ही तालिका लाकडी खणांतील कार्डांवर असे. त्या लहानशा कार्डावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, दोन-तीन विषय आणि कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची मांडणीवरील जागा सांगणारा क्रमांक, एवढेच मावे. १९६०च्या दशकात हेन्रिएट अव्हराम यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ हा संगणकीय नोंदीचा साचा तयार झाला, तेव्हा त्यात मुख्यतः कार्डावरचीच माहिती उतरली. कार्डे कालांतराने गेली (ओसीएलसी या संस्थेने शेवटची कार्डे २०१५ मध्ये छापली, म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा बरीच उशिरा), पण त्यांची शिस्त आजच्या पडद्यावरही टिकून आहे. अलीकडे काही नोंदींना पुस्तकाची अनुक्रमणिका जोडलेली असते. ती मिळाली तर उत्तम, पण प्रत्येक नोंदीला ती असेलच असे धरून चालू नये.

डेटाबेस हा शब्द जरा फसवा आहे, कारण तांत्रिक अर्थाने तालिकाही डेटाबेसच असते. ग्रंथालयाच्या रोजच्या भाषेत मात्र डेटाबेस म्हणजे अनेक नियतकालिकांतील एकेका लेखाची स्वतंत्र नोंद ठेवणारा संग्रह. तो बाहेरची संस्था तयार करते आणि ग्रंथालय बहुधा वर्गणी भरून तो आपल्या वाचकांना उपलब्ध करून देते. १९९५ मध्ये सुरू झालेला जेस्टोर, शिक्षणशास्त्रासाठी एरिक, वैद्यकासाठी पबमेड ही त्याची परिचित उदाहरणे. यांतील शेवटची दोन तर वर्गणीशिवाय कोणालाही खुली आहेत. इथे एकक लेख हे असते. प्रत्येक नोंदीत शीर्षक, लेखक, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, पृष्ठे आणि बहुधा गोषवारा असतो. काही ठिकाणी पूर्ण मजकूरही असतो. उलट तालिकेच्या दृष्टीने आख्खे नियतकालिक ही एकच नोंद असते: नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आणि ग्रंथालयाकडे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे अंक आहेत एवढीच माहिती. त्या अंकांतील हजारो लेखांपैकी एकाचेही नाव तिच्यात नसते. भाषणाची तयारी करणारे सर्वाधिक फसतात ते याच मुद्द्यावर.

एक विषय घेऊन हे जवळून पाहू. भाषणाचा विषय ‘झोप’ आहे असे समजा. तालिकेत इंग्रजीतून ‘स्लीप’ असा शब्द टाकला, तर मध्यम आकाराच्या ग्रंथालयात काही डझन पुस्तके निघतील आणि त्यांचे क्रमांक पाहिले की गंमत लक्षात येईल. मेलविल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात झोपेला एक घर नाही. मानसशास्त्राच्या अंगाने लिहिलेली पुस्तके १५४.६ वर असतात, शरीरक्रियाशास्त्राच्या अंगाने लिहिलेली ६१२.८२१ वर आणि निद्राविकारांची ६१६.८४९८ वर. म्हणजे एकाच विषयाची पुस्तके तीन वेगवेगळ्या मांडण्यांवर, कधी तीन वेगळ्या दालनांत. ज्याने अजून भाषणाचा रोखच ठरवलेला नाही, त्याच्यासाठी ही विखुरलेली यादी फार मोलाची असते, कारण या विषयाकडे कोणकोणत्या बाजूंनी पाहिले गेले आहे हे ती न सांगता सांगते. क्रमांक टिपून त्या मांडणीपाशी जावे आणि शेजारची चार-पाच पुस्तकेही चाळावीत; तालिकेत न सापडलेले पुस्तक असे अनेकदा हाती लागते.

तोच शब्द पबमेडमध्ये टाकला, तर उत्तर लाखांत येते. ते निरुपयोगी आहे आणि त्यात पबमेडचा दोष नाही. डेटाबेसला रुंद प्रश्न पेलत नाही, त्याला अरुंद प्रश्न लागतो: महाविद्यालयीन विद्यार्थी, अपुरी झोप, परीक्षेतील गुण. अशा तीन शब्दगटांना ‘अँड’ने जोडले की यादी आटोक्यात येते, एकाच अर्थाच्या शब्दांना ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवले की निसटलेले लेख परत येतात, आणि शब्दाच्या शेवटी तारांकन दिले की बहुतेक ठिकाणी त्याची वेगवेगळी रूपे एकदम शोधली जातात. तालिकेत नेमका उलटा अनुभव येतो. तीन शब्दगटांचा हा प्रश्न तिथे टाकला तर शून्य उत्तरे मिळतात, कारण त्या तिन्ही शब्दांचे शीर्षक असलेले पुस्तक बहुधा कोणी लिहिलेलेच नसते, जरी त्या मुद्द्यावर एक उत्तम प्रकरण असलेले पुस्तक पलीकडच्या मांडणीवर असले तरी.

शब्दांची निवडही दोन्हीकडे सारखी नसते. तालिका विषयशीर्षकांवर चालते आणि ती शीर्षके ठरवून दिलेल्या यादीतील असतात. आपण बोलतो तो शब्द त्या यादीत असेलच असे नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत चित्रपटांसाठी ‘मोशन पिक्चर्स’ हे शीर्षक आहे, तर स्वयंपाकाच्या पुस्तकांना ‘कुकरी’ऐवजी ‘कुकिंग’ म्हणायला त्या यादीने २०१० उजाडवले. यावर उपाय सोपा आहे. कोणत्याही शब्दाने एक उपयुक्त पुस्तक शोधावे, त्याची पूर्ण नोंद उघडावी आणि तिच्यातील विषयशीर्षकावर क्लिक करावे; तालिका आपला शब्द स्वतःच शिकवते. रोमनेतर लिपीतील पुस्तकांबाबत आणखी एक पेच असतो. त्यांची शीर्षके कधी मूळ लिपीत, तर कधी रोमन लिप्यंतरात नोंदलेली असतात, म्हणून दोन्ही प्रकारे शोधून पाहावे.

डेटाबेसमध्ये असे शिस्तबद्ध शब्द काही ठिकाणी असतात, पण शोधणारा सहसा लेखकाच्या शब्दांवर विसंबतो, आणि लेखकाचे शब्द त्याच्या काळाचे असतात. झोपेवरील जवळजवळ प्रत्येक पुस्तकात यूजीन असेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांच्या १९५३च्या लेखाचा उल्लेख येतो. झोपेत डोळ्यांच्या जलद हालचाली ठरावीक अंतराने होतात आणि त्यांचा स्वप्नांशी संबंध दिसतो, हे त्यांनी त्यात मांडले. आज आपण त्या अवस्थेला ‘रेम’ म्हणतो, पण लेखाच्या शीर्षकात तो शब्द नाही. तिथे ‘आय मोटिलिटी’ असे आहे. ‘रेम’ शब्द घेऊन केवळ शीर्षकांत शोधणाऱ्याला ज्या लेखापासून या कथेची सुरुवात होते तोच सापडणार नाही. त्याचे नाव आधी पुस्तकातून कळावे लागते. म्हणूनच, अजिबात अनोळखी विषय असेल तर तालिकेपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, जरी डेटाबेस अधिक आधुनिक वाटत असला तरी.

आता हाच लेख मिळवायचा आहे. पुस्तकाच्या शेवटी तपशील दिलेला असतो: ‘सायन्स’ हे साप्ताहिक, खंड ११८, पृष्ठे २७३-२७४. विद्यार्थी लेखाचे शीर्षक तालिकेत टाकतो आणि शून्य मिळवतो. कारण वर आलेच आहे: तालिकेला लेख माहीत नसतात. मग तो ‘सायन्स’ टाकतो आणि हजारो पुस्तकांखाली गाडला जातो, कारण तो शब्द असलेल्या शीर्षकांना तोटा नाही. इथे कामी येतो तो आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ अंकी क्रमांक. ‘सायन्स’चा तो ००३६-८०७५ असा आहे. तो टाकला की नेमकी एक नोंद येते आणि तिच्यात कोणत्या वर्षांचे छापील अंक तळघरात बांधून ठेवले आहेत व कोणते पडद्यावर उपलब्ध आहेत हे दिसते. म्हणजे लेख शोधायचा डेटाबेसमध्ये, पण तो आपल्या ग्रंथालयात कुठे ठेवला आहे हे विचारायचे तालिकेला, आणि विचारताना नाव सांगायचे नियतकालिकाचे. हा लेख अवघा दोन पानांचा आहे. इतक्या खटाटोपानंतर तो मूळ रूपात वाचला की भाषणात त्याविषयी बोलण्याचा सूरच बदलतो.

डेटाबेसमध्ये ‘फक्त पूर्ण मजकूर’ अशी एक खूण असते. घाईत असलेला विद्यार्थी ती सर्वप्रथम लावतो, आणि तिथेच त्याचे नुकसान होते. ती खूण ‘या डेटाबेसमध्ये ज्याचा मजकूर आहे तेच दाखव’ असे सांगते. दुसऱ्या डेटाबेसमध्ये किंवा छापील अंकात असलेले लेख त्यामुळे यादीतून गळतात. पबमेडमध्ये तर मुळात नोंदी आणि गोषवारेच असतात, पूर्ण लेखांसाठी पबमेड सेंट्रल हा वेगळा साठा आहे. जेस्टोरमध्ये याच्या उलट स्थिती असते: पूर्ण मजकूर भरपूर, पण अनेक नियतकालिकांचे अगदी अलीकडचे काही वर्षांचे अंक करारानुसार बाहेर ठेवलेले असतात. ‘यावर अलीकडे काही लिहिलेच गेले नाही’ असे विधान केवळ जेस्टोर पाहून व्यासपीठावरून करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

भाषणाला या दोन साठ्यांतून मिळते ते वेगळे असते. पुस्तक विषयाची मांडणी देते: आधी काय समजत होते, मग काय कळले, वाद कुठे आहे. श्रोत्याला पान उलटून मागे जाता येत नाही, म्हणून हा क्रम वक्त्याला फार लागतो. लेख एक दावा देतो आणि तो कशावर उभा आहे हे दाखवतो. पण त्यासाठी लेख उघडावा लागतो. गोषवाऱ्यात निष्कर्ष असतो, मर्यादा बहुधा नसतात, आणि ‘विद्यार्थ्यांमध्ये असे आढळले’ या वाक्यामागे एकाच वर्गातील मूठभर मुले होती हे पुढच्या पानांवर कळते. स्रोताचा उल्लेख तोंडी करतानाही दोन वेगळ्या चुका होतात. तालिकेतील वर्ष हे हातातील प्रतीच्या आवृत्तीचे असते, त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या ताज्या पुनर्मुद्रणाला ‘नवे पुस्तक’ म्हटले जाते. आणि डेटाबेसचेच नाव स्रोत म्हणून सांगितले जाते. ‘जेस्टोरने म्हटले आहे’ हे वाक्य अर्थशून्य आहे, कारण जेस्टोर काहीच म्हणत नाही, लेखक म्हणतो.

अलीकडे बऱ्याच ग्रंथालयांनी दोन्ही साठे एकत्र शोधणारी तिसरी चौकट ठेवली आहे. ती सोयीची आहे, पण तिने गोंधळ मिटवण्याऐवजी झाकला आहे. पुस्तके, लेख, बातम्या आणि पुस्तक-परीक्षणे एका ओळीत येतात, आणि परीक्षणाला अनेकदा परीक्षित पुस्तकाचेच शीर्षक असते. दीड पानांचे परीक्षण वाचून पुस्तक वाचल्यासारखे बोलणारा वक्ता प्रश्नोत्तरांत उघडा पडतो. यादी आली की डावीकडील प्रकारांच्या खुणा वापरून पुस्तके आणि लेख आधी वेगळे करावेत.

उरला वेळेचा प्रश्न. तालिका सहसा घरबसल्या कोणालाही पाहता येते. वर्गणीचे डेटाबेस महाविद्यालयाच्या जाळ्याबाहेर लॉगिन मागतात आणि लेखाच्या पानावर पैसे मागणारी सूचना दिसली, तर बहुतेक वेळा फक्त लॉगिन राहून गेलेले असते. आपल्याकडे नसलेले साहित्य आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येते, पण पुस्तक प्रत्यक्ष प्रवास करून येते, तर लेखाची प्रत बहुधा ई-मेलने पोहोचते. भाषण तीन आठवड्यांवर असेल तर पुस्तकाची मागणी आजच नोंदवावी. तीन दिवसांवर असेल तर ग्रंथपालांकडे नेमक्या लेखाचे नाव, खंड आणि पृष्ठे घेऊनच जावे.