भिंतीवरचा निळा डाग

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. 'भिंतीच्या आरपार बघणारा कॅमेरा! फोडाफोड न करता गळती शोधा.' पुण्यात सहकारनगरातल्या जुन्या इमारतीत गळतीची गोष्ट ठरलेली असते. वरच्या काकू म्हणतात, "आमच्याकडून नाही हो." खालचे रोज छताचे पोपडे झाडतात. प्लंबर म्हणतो, आधी टाइल्स उखडू, मग बघू. त्यामुळे जाहिरातीवर सगळेच खूश. तिच्यातलं दुसरं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, पहिलं मात्र साफ खोटं.

जाहिरातीतला हा थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमान टिपणारा कॅमेरा, भिंतीच्या आत तसूभरही बघत नाही. त्याला साधी काचही आरपार दिसत नाही. खिडकीकडे धरलात तर बाहेरचं झाड दिसणार नाही, काचेचं तापमान आणि तुमचीच भुतासारखी सावली दिसेल. म्हणून त्याचं भिंग काचेचं नसून बहुधा जर्मेनियम या मूलद्रव्याचं असतं. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडते. खोलीतल्या तापमानाला ते सर्वांत जास्त १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतात. २७ अंशांची साधी भिंत दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॅट बाहेर टाकते, आणि जवळपास तेवढेच समोरच्या भिंतींकडून परत घेते. तापमान एका अंशाने बदललं की यात साधारण ६ वॅटचा फरक पडतो. कॅमेरा एवढंच मोजतो, तेही फक्त पृष्ठभागावरचं. चकचकीत स्टीलच्या नळावर तर तोही फसतो, कारण असा धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो आणि समोरच्यांचे परावर्तित करतो.

मग ओल कशी दिसते? याचं उत्तर माठात आहे. माठातून झिरपलेलं पाणी बाष्प होताना माठाचीच उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याचं बाष्प व्हायला सुमारे २,४०० जूल लागतात, तर तेच एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला जेमतेम ४.२. ओली भिंत म्हणजे उभा केलेला माठ. समजा, एक चौरस मीटर ओल्या भिंतीवरून तासाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी उडतंय. त्यासाठी सतत जवळपास ७ वॅट उष्णता लागते. घरातली भिंत आसपासच्या हवेशी आणि इतर भिंतींशी दर अंशाच्या फरकामागे दर चौरस मीटरला ८ वॅटच्या आसपास देवाणघेवाण करते. म्हणजे तो भाग पाऊण ते एक अंशाने थंड पडतो. हाताला हे कळणार नाही, पण चांगला कॅमेरा ०.०५ अंशाचा फरकही टिपतो. दोन चमच्यांत चोर सापडतो!

गोम अशी, की कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पाण्याचं उडून जाणं दिसतं. पुण्यात जुलैत हवा इतकी दमट असते की फारसं काही उडत नाही. कोकणातला माठ पुण्यातल्या माठाइतका गार का होत नाही, तेच कारण. म्हणजे भिंत ज्या दिवसांत सर्वांत ओली, नेमक्या त्याच दिवसांत कॅमेरा आंधळा. आमच्याकडे झालंही तसंच. जाहिरातवाल्यांनी पावसात येऊन फोटो काढले, पैसे घेतले आणि 'गळती नाही' असा रिपोर्ट दिला. त्या वेळी छतातून थेंब पडत होते.

गच्चीवर हिशेब आणखी उलटा होतो. कोब्याखाली मुरलेलं पाणी उन्हात सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, कारण तेवढ्याच वजनाच्या विटेच्या जवळजवळ पाचपट उष्णता ते धरून ठेवतं. सूर्यास्तानंतर कोरडा भाग गार झालेला असतो, ओला अजून कोमट. त्यामुळे घरात जी ओल थंड म्हणून पडद्यावर निळी, तीच गच्चीवर रात्री आठला गरम म्हणून लाल! सकाळी कोरडा भाग ओल्यापेक्षा लवकर तापतो, त्यामुळे मध्ये एक वेळ अशी येते की दोन्हींचं तापमान सारखं होतं आणि पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही.

आणि हे लाल-निळं म्हणजे तरी काय? सॉफ्टवेअरने दिलेले रंग. भिंतभर २४ ते २५ अंश असले तरी ते तेवढ्यातच निळ्यापासून लालपर्यंत सगळी रांगोळी काढतो. एका ओळखीच्यांकडे वास्तुसल्लागाराने असाच निळा डाग दाखवून 'नकारात्मक ऊर्जा' काढण्याचे पैसे घेतले. डाग ईशान्येला होता. वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला पाणी शुभ, तेव्हा खरं तर अभिनंदनच करायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात एका मित्राचा मोबाइलला लावायचा कॅमेरा आणला. वरच्या काकूंना गीझर लावून गरम पाणी सोडायला सांगितलं. इथे नळ किती खोल आहे, त्या अंतराचा वर्ग महत्त्वाचा: प्लास्टरखाली २ सेंटिमीटरवर असलेल्या नळाची उष्णता पृष्ठभागावर दहा-बारा मिनिटांत येते, १२ सेंटिमीटरच्या स्लॅबमधून यायला सहा-सात तास. अंतर सहापट, वेळ छत्तीसपट. पंधरा मिनिटांत भिंतीवर गरम नळाची सरळ रेघ उमटली, कुठेही न पसरता. म्हणजे तो नळ शाबूत. निळा डाग मात्र डक्टच्या, म्हणजे इमारतीचे पाइप उतरतात त्या मोकळ्या जागेच्या, बाजूने खाली उतरत होता. ओल मोजायच्या टोचणीच्या मीटरने तिथे खात्री केली. ती केल्याशिवाय नुसत्या फोटोवर भरवसा ठेवू नये, कारण एसीची हवा लागणारा कोपराही तसाच निळा दिसतो.

हातात कॅमेरा होताच म्हणून डीबीवरही, म्हणजे घरातल्या विजेच्या स्विचांच्या पेटीवरही फिरवला. गीझर चालू होता, त्यामुळे तारांतून भरपूर करंट जात होता. इतर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) कोमट, गीझरच्या एमसीबीचा एक जोड मात्र पांढराफटक, म्हणजे सर्वांत तापलेला. स्क्रू सैल झाला की जोडाचा रोध वाढतो आणि करंटच्या वर्गाच्या पटीत तिथे उष्णता निघते. इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून दोन मिनिटांत स्क्रू आवळला.

डक्टमधली पाइप सोसायटीची निघाली. खर्चाचा विषय आता सर्वसाधारण सभेपुढे आहे, आणि वरच्या काकू पहिल्या रांगेत बसणार आहेत.